काडतुसातले मेण

काडतूस हा शब्द मराठीला पोर्तुगीजांनी दिला. मूळ शब्द ‘कार्तुशु’, आणि त्याचा एक साधा अर्थ कागदाची पुडी. चणे-शेंगदाणे बांधून देतात तसली. आज काडतूस म्हटले की पितळेची नळकांडी डोळ्यांपुढे येते, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सैनिकाचे काडतूस म्हणजे खरोखरच पुडी होती. आत मोजून घातलेली दारू आणि शिशाची गोळी. (दारू म्हणजे बंदुकीची. गोव्यात लिहिताना हा खुलासा केलेला बरा!)

ही काळी दारू आपल्याला अनोळखी नाही. फेस्ताला गर्नाल फुटतात, जत्रेत दारूकाम होते, तेव्हा हवेत गंधकाचा जो वास रेंगाळतो तो हिचाच. साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. हिची खोड एकच, पण मोठी. जळाल्यावर हिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भागाचा वायू होतच नाही. थोडा धूर होऊन उडतो आणि बाकीचा काजळी होऊन नळीच्या आत चिकटून बसतो.

शे-सव्वाशे वर्षांच्या जुन्या रायफली काढून त्यांतून काळ्या दारूची काडतुसे उडवायचा छंद अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया या देशांत चांगला रुजला आहे. त्यात नव्याने शिरणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो नेमबाजीचा नव्हे, या काजळीचा. आणि याच काजळीने आपल्या इतिहासातही एकदा मोठी उलथापालथ केली आहे.

जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी सैल बसे, त्यामुळे काजळीचे फारसे अडत नसे. रायफलीचे तसे नाही. तिच्या नळीत पिळदार खाचा असतात आणि गोळीने त्या खाचा पकडल्या तरच ती फिरत, सरळ जाते. काजळीने खाचा भरल्या की नेम गेला, आणि काही बारांनंतर तोंडातून गोळी खाली ठासणेही मुश्कील. म्हणून काजळी मऊ ठेवणारे वंगण लागतेच. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसात गोळीकडचे टोक चरबी-मेणात बुडवलेले असे. शिपायाने दुसरे, दारूकडचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, पुडी उलटी करून गोळी आत सारायची आणि गजाने ठासायची. चरबी दातांच्या टोकाला नव्हती हे खरे. पण पेटीत एकमेकांना चिकटलेल्या पुड्यांत, बंगालच्या उकाड्यात, चरबी कुठपर्यंत पसरेल याची हमी कोण देणार?

शाळेत आपण गाय आणि डुकराच्या चरबीची गोष्ट वाचली. ती सांगताना शिपायांची ती भोळी अंधश्रद्धा होती असा सूर काही इंग्रज लेखकांनी लावला, आणि आपल्यातल्याही काहींनी तो उचलला. मला तो मुळीच पटत नाही. शिपायांचा प्रश्न अगदी नेमका होता : वंगण कसले? आणि त्याचे सरळ उत्तर सरकारपाशी नव्हते, कारण चरबी कोणत्या जनावराची हे ठेकेदाराला बजावलेच नव्हते. ही काडतुसे येथल्या हवेत टिकतात का हे पाहायला १८५३ साली पाठवली गेली, तेव्हाच कर्नल टकर याने इशारा दिला होता की वंगणाची खात्री झाल्याशिवाय ती देशी पलटणींना देऊ नयेत. तो कागद दप्तरात राहिला. जानेवारी १८५७ मध्ये दमदमला बोभाटा झाल्यावर शिपायांना स्वतःचे वंगण लावायची मुभा मिळाली, पुढे दातांऐवजी हाताने फाडायची कवायतही आली. पण तोवर संशय पुडीच्या चकचकीत कागदावरच गेला होता. २९ मार्चला बराकपूर, १० मेला मेरठ आणि ३१ जुलैला आपल्या शेजारच्या कोल्हापुरात २७ वी पलटण उठली. बंडाची कारणे पुष्कळ होती, संस्थाने खालसा करण्यापासून पगारभत्त्यापर्यंत. पण ठिणगी पडली ती या वंगणावर.

गंमत पुढेच आहे. अवघ्या नऊ वर्षांनी, १८६६ मध्ये, त्याच एन्फील्डची नळी मागून कापून तिला झडप बसवली गेली. ही स्नायडर रायफल. आता धातूचे बंद काडतूस मागून भरायचे. दात सुटले, गज सुटला. १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू, ४८० ग्रेनची गोळी आणि या दोहोंमध्ये मधमाशीच्या मेणाची चकती. वंगण पितळेच्या आत गेले! देशी पलटणींच्या हाती मात्र ही हत्यारे गोऱ्यांच्या एक पिढी मागून आली. १८५७ ची धास्ती ती.

तिकडे न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे सप्टेंबर १८७४ मध्ये अमेरिकन आणि आयरिश संघांत ८०० ते १००० यार्डांचा सामना झाला. आयरिशांकडे तोंडाने भरायच्या रिग्बी रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. ९३४ विरुद्ध ९३१ असे अमेरिकन जिंकले. एका आयरिश नेमबाजाने दुसऱ्याच्याच निशाणावर अचूक मध्य साधला, म्हणून हे तीन गुण! १८८६ मध्ये फ्रेंचांची बिनधुराच्या दारूची लेबेल रायफल आली आणि काळ्या दारूचा काळ सरला.

आज हौशी माणूस बहुधा ‘पंचेचाळीस-सत्तर’ची रायफल घेतो. व्यास इंचाचा शेकडा ४५, दारू ७० ग्रेन. अस्सल जुनी असेल तर आधी जाणत्या कारागिराकडून नळी आणि झडप तपासून घ्यायची. अशा बंदुकीत बिनधुराची दारू चिमूटभरही घालायची नाही. काडतुसात दारू आणि गोळी यांच्यात पोकळी ठेवायची नाही, नळी फुगते किंवा फुटते. गोळी मऊ शिशाची, वीस भागांस एक भाग कथील, आणि तिच्या खाचांत मेणाचे वंगण. दोन बारांच्या मध्ये नळीत एक फुंकनळी लावून सावकाश चार-सहा फुंका मारतात. श्वासातल्या ओलाव्याने काजळी मऊ राहते.

आपल्याकडे मात्र शस्त्रास्त्र कायदा १९५९ चा आहे. परवान्याविना बंदूक बाळगणे सोडाच, काडतूस भरणेही गुन्हा. माळ्यावर आजोबांची जुनी बंदूक सापडली तर आधी पोलीस ठाणे गाठावे.

सगळे झाल्यावर नळी धुवायची ती त्याच संध्याकाळी. ही काजळी हवेतले पाणी ओढते आणि रात्रीत गंज चढतो, आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. त्याला महागडे रसायन लागत नाही. कढत पाणी, थोडा साबण आणि पाणी काळे यायचे थांबेपर्यंत चिंध्या. मग पुसून कोरडे करून तेलाचा हात.