परक्या नावाची निळवंती

दिल्लीत राहायला आल्यापासून दर ऑक्टोबरमध्ये मी गच्चीवरच्या कुंड्यांत लार्कस्परचे बी पेरतो. फेब्रुवारी सरताना निळे, जांभळे, गुलाबी तुरे उभे राहतात. हे झाड भूमध्य समुद्राच्या बाजूचे. इथला हिवाळा त्याला मानवतो. पण ते फुलले की मला दुसरेच एक फूल आठवते आणि थोडे अपराधी वाटते.

सह्याद्रीत याच कुळातली निळवंती आहे. पावसाळ्यात तिची पाने येतात, पाऊस ओसरताना निळी फुले लागतात. प्रत्येक फुलामागे शेपटीसारखी बारीक नळी असते. पुढे वरचा भाग वाळून जातो आणि जाड मूळ तेवढे मातीत उरते. बरीच वर्षे झाली, जुन्नरकडच्या एका डोंगरउतारावर मी ती प्रथम पाहिली. निळावंतीच्या पोथीची, पशुपक्ष्यांची भाषा शिकवणाऱ्या आणि वाचणाऱ्याला वेड लावणाऱ्या त्या पोथीची, दंतकथा लहानपणी ऐकली होती. तिथल्या एका आजींना तसे विचारले, तर त्या हसल्या. "ती पोथीतली येगळी बाबा, आमची ही येगळी."

मी दोन रोपे मुळासकट उपटून दिल्लीला आणली. जूनपर्यंत मुळे कुजली होती. कुंडीत पाणी मीच घालत होतो. झोपलेल्या मुळाला कोरडे राहू द्यायचे असते, हे मला ठाऊक नव्हते.

पुढे या झाडाची कागदोपत्री कहाणी वाचनात आली. फ्रेसेनियस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1837 मध्ये अॅबिसिनियातल्या, म्हणजे आजच्या इथिओपियाकडच्या, एका झाडाला 'डेल्फिनियम डॅसिकॉलॉन' असे नाव दिले. सह्याद्रीतले झाड त्याच्यासारखे दिसले म्हणून तेच नाव त्यालाही चिकटले. हूकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'त 1872 मध्ये ते तसेच आले, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुक यांनी लिहिलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथातही तसेच. 1895 मध्ये हूट यांनी या वंशावरच्या आपल्या ग्रंथात मलबारच्या नावाने त्याची वेगळी नोंद केली. स्वतंत्र जात म्हणून 'डेल्फिनियम मलबारिकम' हे नाव मात्र मन्झ या अमेरिकन अभ्यासकाने दिले, तेही 1967 मध्ये. शतकभर निळवंती कागदावर आफ्रिकेची रहिवासी होती. नंतर मलबारची झाली. डोंगरात तिला निळवंती म्हणणाऱ्यांना यातले काहीच कळवले गेले नाही.

नावाचा हा घोळ निव्वळ पंडिती नाही. एखादे झाड दोन खंडांत पसरलेले आहे असे मानले, की एका उतारावरून ते संपले तरी कोणाला चिंता वाटत नाही. ते फक्त इथलेच आहे असे कळले, की तोच उतार मोलाचा ठरतो. मी उपटलेली दोन रोपे या हिशेबात मोजावी लागतात.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी शोभेचे फूल म्हणूनही निळवंतीवर संशोधन केले आहे. उद्या रोपवाटिकेत वाढवलेले रोप मिळाले, तर ते सह्याद्रीजवळच्या एखाद्या अंगणात, पाणी न साचणाऱ्या उतारावर लावावे आणि गुराढोरांच्या तोंडी लागणार नाही असे ठेवावे, कारण हे कुळच विषारी. डोंगरावरून मात्र मूळ आणू नये. माझी एक कुंडी मी रिकामीच ठेवली आहे. लार्कस्पर फुलले की पाहुणे विचारतात, हिच्यात काय लावणार? मी म्हणतो, काही नाही.