तीन तासांची वीज, चोवीस तासांची बॅटरी

१८ फेब्रुवारी २०१८ रोजी न्हावा शेवा बंदरातल्या चौथ्या कंटेनर टर्मिनलचं पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झालं. त्यानंतर आठवडाही उलटायच्या आत समोरच्या घारापुरी बेटावर महावितरणची वीज पोहोचली. समुद्रतळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकावी लागली, खर्च पंचवीस कोटींच्या घरात गेला. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन गावांत ट्रान्सफॉर्मर उभे राहिले, घरोघरी मीटर बसले. स्वातंत्र्याला तेव्हा सत्तर वर्षं होऊन गेली होती.

तोवर बेटावर वीज म्हणजे डिझेल जनरेटर. तो संध्याकाळी साधारण तीन तास चाले. दिवसा गेटवेहून बोटी भरभरून पर्यटक येत, १९८७ पासून जागतिक वारसा ठरलेली लेणी पाहत आणि उजेड असतानाच परतत. मागे उरत ती तीन गावांतली हजार-बाराशे माणसं. रोजच्या एकवीस तासांची सोय त्यांना तीन तासांत करून ठेवावी लागे. मोबाइलची बॅटरी दिवसभर कशी पुरवायची, हा प्रश्न शहरातल्या माणसाला स्मार्टफोन आल्यावर पडला. उरणच्या या किनाऱ्यावर तो मोबाइलच्याही आधीपासून होता, फक्त वस्तू वेगळ्या होत्या.

बेट ज्या रायगड जिल्ह्यात येतं, तिथे वीज नव्हती असं मात्र नाही. उलट मुंबईला वीज पुरवण्यात या जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. फेब्रुवारी १९१५ मध्ये तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळा-वळवणच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडायचं, त्यावर जनित्रं फिरवायची आणि वीज तारांवरून थेट मुंबईच्या कापड गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. मग १९२२ मध्ये भिवपुरी आलं, १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याला पाणी मिळावं म्हणून घाटावर मुळशीचं धरण झालं. त्यात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह केला, तुरुंग भोगले, धरण झालंच. मनोरे कुलाब्याच्या भातशेतांतून गेले. त्या तारांखालच्या घरांत घासलेटच्या चिमण्या जळत राहिल्या.

उरणच्या बाबतीत तर दिव्याखाली अंधार शब्दशः खरा होता. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल लागलं. त्याचा वायू उरणला आला आणि १९८२ पासून बोकडविऱ्याच्या वायू विद्युत केंद्रात त्यावर वीज तयार होऊ लागली. पुढे केंद्राची क्षमता वाढत गेली. तेलविहिरींना सामान पुरवणारा तळ न्हाव्यात झाला. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला टाटांचं औष्णिक केंद्र होतंच. घारापुरीवरून या साऱ्यांचे दिवे दिसत. आणि २६ मे १९८९ ला न्हावा शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाल्यावर त्यांत क्रेनच्या दिव्यांची भर पडली. बंदरात शीत कंटेनरांसाठी खास विजेचे प्लग असतात. नाशिकची द्राक्षं किंवा गोठवलेली मासळी जहाजावर चढेपर्यंत कंटेनरची वीज तुटता कामा नये, म्हणून चोवीस तास पुरवठा. समोरच्या बेटावरच्या माणसांना तीन तास मिळत, त्या काळात युरोपला निघालेल्या द्राक्षांना पूर्ण दिवस मिळत होता.

वीज नसलेल्या घराला उजेडाचा हिशेब ठेवावाच लागतो. कंदिलाची वात किती वर ठेवायची, हे घरातल्या मोठ्या बाईच्या हाती. वात चढवली की उजेड थोडा वाढतो, घासलेट मात्र भराभर जातं आणि काच काजळते. म्हणून जेवण झालं की वात खाली. ओसरीवर एकच दिवा, अभ्यासाची मुलं त्याच्याभोवती. आजच्या फोनमध्ये पडद्याचा प्रकाश कमी करायला सांगतात तो याच घरगुती शहाणपणाचा पुढचा अंक. कारण फोनच्या बॅटरीतला मोठा वाटा अजूनही पडदाच खातो.

मग हातात बॅटरी आली, म्हणजे विजेरी. होडीवर जाणारा, रात्री खाजणातून घरी येणारा, विंचू-काट्याच्या भीतीनं परसात जाणारा, प्रत्येकाला ती हवी. तिचे सेल महाग वाटत, त्यामुळे ते संपले तरी कोणी लगेच टाकत नसे. उजेड पिवळा पडला की सेल काढायचे आणि दुपारभर कौलांवर उन्हात मांडून ठेवायचे. काही घरांत ते चुलीच्या कडेला शेकायला ठेवत. संध्याकाळी तेच सेल पुन्हा घातले की विजेरी थोडा वेळ खरोखर लागे. यात जादू नव्हती. कोरडा सेल सतत वापरला की आत रासायनिक अडथळा साचतो आणि प्रवाह मंदावतो. विश्रांती मिळाली की तो अडथळा काही अंशी निवळतो, उबेनं क्रियेला वेग येतो. सेलमध्ये नवी वीज भरली जात नसे, आत अडकून राहिलेली तेवढी बाहेर पडे.

ही सवय इतकी मुरली की मोबाइल आल्यावरही लोक ती विसरले नाहीत. पण इथे ती उलटी पडली.

मुंबईत मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे फोन श्रीमंतांच्या हातात राहिला. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि त्याच वर्षी नोकियाचा ११०० बाजारात आला. धूळ आत जाऊ न देणारा कीपॅड आणि डोक्यावर लहानसा दिवा. भारतासारख्या देशातला ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या या फोनचे जगभरात पंचवीस कोटींच्या आसपास नग खपले. त्याची बॅटरी ८५० मिलीअँपिअर-अवरची, आजच्या फोनच्या मानानं खेळण्यातली. तरी बोलणं कमी असेल तर फोन आठवडाभर आरामात टिके. पडदा बारीक, काळा-पांढरा. इंटरनेट नाही. टॉवरला अधूनमधून हजेरी द्यायची, एवढंच त्याचं काम. विजेरी आणि फोन एकाच खिशात मावल्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाचं सेलचं बिलही वाचलं.

त्याच सुमारास महाराष्ट्रात भारनियमनाचं युग आलं. २००५ नंतर राज्याची तूट चार हजार मेगावॅटच्या पुढे गेली आणि गावोगावच्या लोकांना आपल्या फीडरचं वेळापत्रक पाठ झालं. वीज आली की पाणी भरायचं, पिठाची गिरणी गाठायची, फोन चार्जिंगला लावायचा. पाठचं झाकण उघडून बॅटरी काढता येत असे, त्यामुळे एक जोडबॅटरी खिशात ठेवायची आणि रिकामी झालेली कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानात चिमट्याच्या युनिव्हर्सल चार्जरला अडकवायची, असा एक लहान उद्योगच उभा राहिला. डिसेंबर २०१२ मध्ये सरकारनं राज्य भारनियमनमुक्त झाल्याचं जाहीर केलं. वीजगळती आणि थकबाकी जास्त असलेले फीडर त्यातून वगळलेले होते. घारापुरी तर कुठल्या फीडरवरच नव्हती.

या दुकानांतून सल्लेही फुकट मिळत. नवा फोन आधी आठ तास चार्ज करा. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय पिन लावू नका. महिन्यातून एकदा शून्यावर आणा. यातली एकही गोष्ट थापेबाजीची नव्हती. ती निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली होती. त्या बॅटऱ्या अर्धवट वापरून पुन्हापुन्हा भरल्या की त्यांची उपयोगी क्षमता आखडल्यासारखी वागे, म्हणून पूर्ण उतरवण्याचा सल्ला. सोनीनं १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आणली आणि दहा-बारा वर्षांत मोबाइलमध्ये तिचंच राज्य झालं. या बॅटरीचा स्वभाव वेगळा. तिला शून्यावर आणणं सोसत नाही, शंभरावर तासन्‌तास ठेवणंही सोसत नाही, आणि उष्णता तर अजिबात नाही. मधल्या पट्ट्यात, साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांत, ती सर्वांत जास्त दिवस तग धरते. कौलावरच्या उन्हानं विजेरीचा सेल जागा होत असे. त्याच उन्हात होडीच्या फळीवर राहिलेला फोन प्रत्येक उन्हाळ्यात आपली थोडी क्षमता कायमची गमावतो. बॅटरी बदलली, सल्ले मात्र जुनेच राहिले.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि स्वस्त डेटामुळे स्मार्टफोन घराघरांत शिरला. घारापुरीला वीज यायला अजून दीड वर्ष होतं. या दीड वर्षातलं गणित मांडून पाहण्यासारखं आहे. तेव्हाच्या साध्या फोनची बॅटरी ३००० मिलीअँपिअर-अवरची, म्हणजे सुमारे साडेअकरा वॅट-तासांची. सोबतचा चार्जर पाच वॅटचा. वाटेतली घट धरली तर रिकामी बॅटरी भरायला तीन तास कमीच पडतात. म्हणजे जनरेटरची सबंध संध्याकाळ एका पिनेवर एकच फोन. घरात तीन फोन असतील तर एक्स्टेन्शन बोर्ड हवा, नाहीतर पाळ्या लावायच्या. त्याच तीन तासांत मिक्सर, टीव्ही, शाळेचा अभ्यास. जनरेटर बंद झाला की उरलेलं सगळं दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरवायचं.

अशा घरात कोणी ‘बॅटरी वाचवण्याचे दहा उपाय’ वाचून शिकत नाही. डेटा लागेल तेव्हाच सुरू करायचा, कारण बंद दिसणारी ॲपही मागे राहून टॉवरशी बोलत असतात. पडदा मंद ठेवायचा. व्हिडिओ पाहायचा तो जनरेटर चालू असताना, पिन लावलेली असताना. म्हणजे भरताना फोन तापतो आणि बॅटरीचं आयुष्य घटतं, पण आजचा दिवस निभतो. तीन वर्षांनी बॅटरी किती उरेल, ही चिंता ज्याच्या भिंतीत चोवीस तास वीज आहे त्याला परवडते.

पाण्याच्या अलीकडे, बंदराच्या बाजूला, हाच हिशेब दुसऱ्या वेषात चालू होता. न्हावा शेवा उभं राहिलं ते आगरी-कोळ्यांच्या भातजमिनी, मिठागरं आणि मासेमारीच्या खाड्यांवर. शेवा कोळीवाड्यातली कुटुंबं उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवली गेली. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या लढ्यातून आला. पुढच्या पिढीतले कितीतरी जण बंदराच्या गेटवर, कंटेनर यार्डात आणि ट्रेलरवर कामाला लागले. निर्यातीचा कंटेनर आत न्यायचा तर फॉर्म १३ हवा. कागदाची ये-जा फोनवर आली, तसा ट्रेलरचालकाचा फोन त्याच्या लायसन्सइतकाच महत्त्वाचा झाला. रांग लागली की तासन्‌तास इंजिन बंद. ट्रकच्या २४ व्होल्टच्या बॅटरीवर लायटरच्या खोबणीतून फोन भरायचा, पण तीच बॅटरी उतरली तर इंजिन सुरू होणार नाही. दोन बॅटऱ्यांपैकी कुठली राखायची, हे ठरवत केबिनमध्ये रात्र काढायची.

केबल आल्यावर घारापुरीचा हा हिशेब बराच सैल झाला. टपऱ्यांत फ्रिज आले, बर्फ मुंबईहून आणण्याची गरज सरली, फोन रात्रभर पिनेला राहू लागला.  काटकसर आता उरली ती समुद्रावर.

मोरा किंवा करंजा बंदरातून निघालेल्या मासेमारी बोटीवर इंजिनाची १२ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यावर दिवे, वायरलेस आणि जीपीएस चालतात. खलाशांच्या फोनचा नंबर शेवटी. किनारा मागे पडला की रेंज जाते आणि फोन टॉवर शोधत राहतो. शोधताना तो वेगवेगळ्या लहरी पुन्हापुन्हा चाचपत राहतो, त्यामुळे कोणी हात न लावताही बॅटरी काही तासांत उतरू शकते. म्हणून जाणता तांडेल रेंज गेल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाकतो किंवा बंदच करतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उन्हापासून दूर ठेवतो. परतीच्या वाटेवर टॉवर दिसायला लागले की तो काढायचा आणि धक्क्याला लागण्याआधी व्यापाऱ्याला फोन करायचा: पापलेट किती, कोळंबी किती, बर्फ किती हवा, ससून डॉकला आज काय भाव. मासळी बर्फात असते आणि बर्फ वितळत असतो. तो एक कॉल लागला नाही, तर धक्क्यावर उभ्या असलेल्या पहिल्या माणसानं सांगितलेल्या भावाला ती द्यावी लागते.