लिनक्समधील यूएसबी ड्रायव्हर

उपकरण व संगणक यांच्यातील देवघेव सांभाळणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. यूएसबीचे पहिले मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. लिनक्सच्या ‘कर्नल’ या गाभ्यात त्याची व्यवस्था लिनस टोरव्हाल्ड्स यांनी १९९९ मध्ये नव्याने लिहून घातली. उपकरण जोडताच त्यातील उत्पादकाचा व वस्तूचा प्रत्येकी १६ बिटांचा क्रमांक वाचून योग्य ड्रायव्हर निवडला जातो. अनेक उत्पादकांनी अंतर्रचना गुप्त ठेवली, तेव्हा अन्य प्रणालीवरील संदेश टिपून स्वयंसेवकांनी ती हुडकली. हे चिकाटीचे काम बहुधा दुर्लक्षितच राहिले. ड्रायव्हर सामान्यतः गाभ्यातच चालत असल्याने त्यातील एक चूक सबंध यंत्रणा बंद पाडू शकते. म्हणून दोष शोधताना प्रथम गाभ्याच्या नोंदी व नंतर ‘यूएसबीमॉन’ने टिपलेले संदेश तपासतात. सेज शार्प यांनी लिहिलेला यूएसबी ३.० चा ड्रायव्हर २००९ मध्ये २.६.३१ या आवृत्तीत आला. या मानकाची सोय प्रथम लिनक्समध्येच झाली.