डेबिट, लीन, मिनिमम ड्यू... बँकेच्या मेसेजमधल्या शब्दांचा नेमका अर्थ काय?

मोबाईलवर बँकेचा मेसेज येतो. आकडा कळतो, पण शेजारचा इंग्रजी शब्द आपण अंदाजाने वाचतो. हा अंदाज चुकला तर फटका खिशाला बसतो. म्हणूनच हे पाच शब्द समजून घेऊया.

क्रेडिट आणि डेबिट
खात्याच्या मेसेजमध्ये 'क्रेडिटेड' म्हणजे पैसे जमा झाले, 'डेबिटेड' म्हणजे खात्यातून गेले. मग क्रेडिट कार्ड म्हणजे उधारी कशी? क्रेडिट हा शब्द 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. तुम्ही बँकेवर विश्वास ठेवून पैसे ठेवता, तेव्हा बँक तुमचं देणं लागते. कार्डाच्या बाबतीत बँक तुमच्यावर विश्वास ठेवते आणि देणेकरी तुम्ही होता.
लक्षात ठेवा, पैसे क्रेडिट होण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. 'पैसे पाठवतोय, पिन टाका' असं कुणी म्हणालं, तर पैसे तुमच्याच खात्यातून जाणार आहेत.

लीन
खात्यात ४० हजार दिसतात, पण काढता येतात ३० हजारच. उरलेल्या १० हजारांवर 'लीन' आहे, म्हणजे बँकेने ती रक्कम अडवून ठेवली आहे. आयपीओसाठी केलेला अर्ज, थकलेलं कर्ज किंवा सायबर पोलिसांकडे आलेली तक्रार, अशी त्यामागची कारणं असू शकतात. म्हणून खर्च करण्याआधी 'अव्हेलेबल बॅलन्स' बघा.

मिनिमम ड्यू
सर्वाधिक गैरसमज याच शब्दाबद्दल आहे. समजा, क्रेडिट कार्डाचं बिल २० हजार आणि मिनिमम ड्यू १ हजार आहे. हजार रुपये भरले की उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. दरमहा ३.५ टक्के दर धरला, तर उरलेल्या १९ हजारांवर महिन्याला ६६५ रुपये व्याज होतं. त्यावर जीएसटी वेगळा. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्यामुळे भरायची रक्कम 'टोटल ड्यू'च्या रकान्यात बघा.

रिव्हर्सल
एटीएममधून नोटा आल्याच नाहीत, पण 'डेबिटेड'चा मेसेज आला. अशा वेळी कापलेले पैसे परत येणं म्हणजे 'रिव्हर्सल'. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने ५ दिवसांत ते स्वतःहून परत करायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

आणि शेवटी...
न केलेल्या व्यवहाराचा 'डेबिटेड' मेसेज आला, तर तो फॅमिली ग्रुपवर टाकून अर्थ विचारत बसू नका. लगेच बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाईनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. तेव्हा 'लीन' फसवणाऱ्याच्या खात्यावर लागतो.