सांतियागोचे राष्ट्रीय स्टेडियम : खेळ, छळ आणि आठवे प्रवेशद्वार

२१ नोव्हेंबर १९७३. चिलीची राजधानी सांतियागो. विश्वचषक पात्रतेचा सामना सुरू होताच चिलीचे खेळाडू चेंडू एकमेकांकडे ढकलत पुढे गेले आणि कर्णधार फ्रान्सिस्को वाल्देस याने तो गोलजाळ्यात सारला. अडवायला कोणीच नव्हते. प्रतिस्पर्धी सोव्हिएत संघ मैदानावर आलाच नव्हता.

या गोलची हकिकत समजून घ्यायची, तर ज्या वास्तूत तो झाला तिची हकिकत आधी पाहावी लागते.

हे स्टेडियम ३ डिसेंबर १९३८ रोजी, अध्यक्ष आर्तुरो अलेस्सान्द्री यांच्या कारकिर्दीत खुले झाले. रचनेवर बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमची छाप होती. १९६० च्या महाभूकंपाने देश खिळखिळा झालेला असतानाही चिलीने १९६२ चा विश्वचषक भरवला आणि त्याचा अंतिम सामना येथेच झाला. चिली आणि इटली यांच्यातील कुप्रसिद्ध हाणामारीही याच मैदानावरची. डिसेंबर १९७२ मध्ये नोबेल घेऊन परतलेल्या पाब्लो नेरुदाचा राष्ट्रीय सत्कार येथे झाला. एका कवीसाठी फुटबॉलचे स्टेडियम लागावे, याचा हेवा वाटतो!

त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही. ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे निर्वाचित सरकार उलथवले आणि जनरल पिनोशे यांची राजवट आली. तुरुंग अपुरे पडले, तेव्हा लष्कराची नजर या वास्तूकडे वळली.

स्टेडियमची रचनाच या कामाला सोयीची होती. चहूबाजूंनी भिंती, मोजकी दारे, हजारो माणसे बसवता येतील अशी बाके, खाली खोल्यांची रांग. खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांत आणि प्रेक्षकांच्या येण्याजाण्याच्या बोळांत पुरुष कैदी दाटीवाटीने कोंबले गेले. स्त्रियांना पोहण्याच्या तलावाच्या खोल्यांत ठेवले. सायकल शर्यतींच्या मैदानात चौकशी आणि छळ चाले. दिवसा कैद्यांना बाकांवर बसवत आणि बुरखा घातलेला एक खबऱ्या त्यांच्यासमोरून फिरून बोटाने माणसे दाखवी. ज्याच्याकडे बोट गेले, त्याची रवानगी चौकशीला. बाहेर रस्त्यावर नातेवाईक तासन्‌तास तिष्ठत असत. रेड क्रॉसच्या अंदाजानुसार २२ सप्टेंबरला आत सुमारे ७,००० माणसे होती. दोन महिन्यांतील एकूण आकडा त्याहून बराच मोठा आहे.

(एक गल्लत नेहमी होते. गायक व्हिक्तोर हारा याची हत्या येथे झाली नाही. ती ‘एस्तादिओ चिले’ या दुसऱ्या, छोट्या बंदिस्त क्रीडागृहाशी निगडित आहे. त्याला आता हाराचेच नाव आहे.)

आता सामन्याकडे. मॉस्कोतील पहिली लढत २६ सप्टेंबरला ०-० अशी सुटली होती. परतीची लढत सांतियागोत होती आणि रक्त सांडलेल्या मैदानावर आम्ही खेळणार नाही, अशी भूमिका सोव्हिएत संघाने घेतली. ज्या देशाच्या स्वतःच्या श्रमछावण्यांचा इतिहास जगजाहीर आहे, त्याने ही भूमिका घ्यावी यातला विरोधाभास उघड आहे. पण त्यामुळे आक्षेप खोटा ठरत नाही. ‘फिफा’चे दोन पदाधिकारी ऑक्टोबरअखेर पाहणीस आले. कैद्यांना त्या वेळी बंदुकीच्या धाकाने खालच्या भागात दडवले होते. पाहुण्यांनी हिरवळ पाहिली आणि सामना खेळवण्यास हरकत नसल्याचा निर्वाळा दिला. हिरवळ खरोखरच उत्तम असावी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उरलेल्या कैद्यांपैकी अनेकांना उत्तरेकडील अटाकामा वाळवंटात, चाकाबुको या ओसाड खाणवस्तीत हलवून स्टेडियम रिकामे करण्यात आले. मग तो गोल झाला, आणि चिलीला २-० असा विजय बहाल झाला.

त्या दिवशी मैदानावर असलेला कार्लोस कास्सेली हा आयेंदे यांचा उघड समर्थक होता. १९८८ मध्ये पिनोशे यांच्या मुदतवाढीवर जनमत घेतले गेले, तेव्हा विरोधकांच्या दूरचित्रवाणी प्रचारात एक वृद्ध स्त्री स्वतःच्या अपहरणाची व छळाची कहाणी सांगताना दिसली. शेवटी कास्सेली तिच्या शेजारी येऊन बसला. ती त्याची आई होती. त्या जनमतात पिनोशे हरले. मार्च १९९० मध्ये नवे अध्यक्ष पात्रिसिओ आयल्विन यांच्या स्वागताचा सोहळा याच स्टेडियमवर झाला. तेथे बेपत्ता झालेल्यांच्या घरच्या स्त्रिया ‘क्वेका’ हे जोडीचे नृत्य एकट्याने नाचल्या.

वास्तू पाडावी की तिचे संग्रहालय करावे? चिलीने दोन्ही केले नाही. २००३ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, २००८ मध्ये क्रीडापत्रकार हुलिओ मार्तिनेस यांचे नाव मिळाले आणि खेळ चालूच राहिले. आज निवडणुकीत येथे मोठे मतदान केंद्र भरते. १९७३ मध्ये ज्या बोळांत माणसे कोंबली होती, त्यांच्याच आसपास मतदारांच्या रांगा लागतात. नूतनीकरणात जुनी लाकडी बाके काढून प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या, पण आठव्या प्रवेशद्वारावरची बाके तशीच ठेवली. तेथे तिकीट विकले जात नाही.

४ जुलै २०१५ रोजी चिलीने अर्जेंटिनाला पेनल्टींवर हरवून आपला पहिला कोपा अमेरिका चषक जिंकला, तोही येथेच. स्टेडियम खच्चून भरले होते. एका गोलजाळ्यामागची ती लाकडी बाके तेवढी रिकामी होती.