हवालदाराचे विनंतीपत्र

चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र लिहिताना जुने कागद जिवापाड जपले. त्यांच्या संग्रहात 1894 मधले एक मराठी हस्तलिखित आहे. मथळा आहे ‘विनंती पत्र’. मुंबई इलाख्याच्या सरसेनापतींना उद्देशून ते लिहिले आहे. विनंती करणारी संस्था ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’, आणि लिहिणारे हात पलटणीतून निवृत्त झालेल्या हवालदार गोपाळबाबा वलंगकरांचे.

त्यांचे मूळ नाव गोपाळनाक विठनाक, गाव महाडजवळचे रावढळ. नावातला हा ‘नाक’ नीट पाहावा. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्यांची जी नावे कोरली आहेत, त्यांतल्या 22 नावांच्या शेवटी महारांच्या नावांत येणारा तोच ‘नाक’ आहे. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या मुंबई फौजेत महारांच्या पिढ्यान्पिढ्या गेल्या. गावच्या शाळेने ज्याला उंबरठा ओलांडू दिला नाही, त्याला पलटणीच्या शाळेत पाटी मिळाली. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार पलटणीच्या अशाच शाळेत मास्तर होते. पुढे वलंगकरांच्या हातून जे लेखन झाले, त्याची मुळे मला या पलटणीतल्या वातावरणात दिसतात.

1886 साली ते निवृत्त झाले आणि दापोलीच्या कॅम्पात राहिले. तिथे पेन्शनरांची वस्तीच होती. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांची घाई कळते. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, 1888 मध्ये, ‘विटाळ विध्वंसन’ ही त्यांची पुस्तिका निघाली. तिच्यात त्यांनी सवर्णांना 26 प्रश्न विचारले. विटाळाला आधार कोणता, हा त्या प्रश्नांचा गाभा. जोतिराव फुले तेव्हा हयात होते आणि त्यांच्या विचारांची छाप उघड आहे: आम्ही इथले मूळचे, अनार्य, खालचेपण आमच्यावर लादलेले. सत्यशोधकांच्या ‘दीनबंधू’तूनही वलंगकर लिहीत राहिले.

हे सारे पुस्तकी नव्हते, ते त्यांच्या दारात चालले होते. 1892 च्या सुमारास दापोलीतल्या पेन्शनरांनी आपली मुले म्युनिसिपालिटीच्या शाळेत बसू द्यावीत म्हणून अर्ज केले. मुलांना जागा होती ती बाहेर, ओट्यावर. ज्यांच्या बापांनी सरकारची बंदूक वाहिली, त्यांची पोरे शाळेच्या ओसरीत! दाराच्या आत आणि बाहेर यांतले ते दोन हात अंतर मला त्या काळाविषयीच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त सांगते.

त्याच सुमाराला दुसरे दारही बंद झाले. ‘लढवय्या जाती’ कोणत्या हे इंग्रज अधिकाऱ्यांनी ठरवले. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना हे धोरण पक्के होत गेले आणि महारांची भरती थांबली. पेन्शन थांबली नव्हती; पण पुढच्या पिढीची भाकर गेली, आणि तिच्यासोबत पाटीही.

म्हणून हे विनंतीपत्र: महारांची भरती पुन्हा सुरू करावी. त्यात वलंगकर एक वेगळीच गोष्ट मांडतात. आम्ही मूळचे क्षत्रिय. 1396 च्या दुर्गादेवीच्या दुष्काळात मिळेल ते खाऊन जगावे लागले आणि तिथून आम्हाला खाली ढकलले गेले. म्हणजे अर्ज ‘अनार्य’ मंडळीचा आणि आतला दावा क्षत्रियत्वाचा. या दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात, आणि अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवले तर त्यात चूक नाही. पण मी हा कागद एका हवालदाराचा कागद म्हणून वाचतो. पुस्तिका शेजाऱ्याला विचारण्यासाठी होती, तिथे विटाळाचा पायाच उखडायचा होता. अर्ज जात होता जातीवरून शौर्य मोजणाऱ्या कचेरीत, आणि तिथे चालणारे नाणे क्षत्रियत्वाचेच होते. कोणत्या साहेबासमोर काय बोलावे, हे सारी नोकरी पलटणीत घालवलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. दोन्ही कागदांमागची चीड एकच आहे.

अर्जाला यश आले नाही. 1895 मध्ये सरकारने वलंगकरांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले. सवर्ण सभासदांना ते खपले नाही. त्यांच्या सोबत बसायचे कसे, यावरून वाद झाला. मुलांना शाळेबाहेर बसवले म्हणून अर्ज करणाऱ्या वस्तीतला हा माणूस आता स्वतःच्या खुर्चीसाठी तेच ऐकत होता. 1900 मध्ये ते वारले.

मागणी मात्र हातोहात पुढे गेली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये सरकारकडे पुन्हा तोच अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, 1917 मध्ये, ‘111 वी महार’ ही पलटण उभी राहिली आणि लढाई सरल्यावर 1921 मध्ये मोडलीही गेली. महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली ती 1 ऑक्टोबर 1941 रोजी. दापोलीत ते विनंतीपत्र लिहून तेव्हा 47 वर्षे झाली होती.