तारकाचिन्हाचा विस्तार: युनिक्स शेलमधील एका निर्णयाचा इतिहास

बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत (१९७१) तारकाचिन्हाचा अर्थ लावण्याचे काम खुद्द शेल करीत नसे. आज्ञेत तारका आढळताच शेल 'ग्लॉब' नामक स्वतंत्र प्रोग्राम चालवी. तो डिरेक्टरी वाची, जुळणारी नावे गोळा करी आणि त्यांसह मूळ आज्ञा चालवी. सहाव्या आवृत्तीपर्यंत (१९७५) हीच रीत टिकली. तीत एकही नाव न जुळल्यास आज्ञा अडविली जाई.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्यात हा विस्तार शेलच्या अंतरंगात गेला व नावांवर फिरणारे 'फॉर' हे आवर्तनही मिळाले. (आवर्तनाचा शेवट अल्गोल ६८ प्रमाणे 'ओडी'ने होत नाही, 'डन'ने होतो, कारण 'ओडी' ही अष्टमान छापणारी आज्ञा पूर्वीपासूनच होती.)

परंतु बोर्न यांनी जुना निर्बंध सोडला. काही न जुळल्यास नमुना जसाच्या तसा राहतो. त्यामुळे रिकाम्या डिरेक्टरीतही आवर्तन एकदा फिरतेच आणि चलाच्या ठायी साक्षात तारका उभी राहते. आवर्तनात नवी फाइल लिहिली जात असेल, तर तारकायुक्त नावाची फाइल निर्माण होते. मोकळ्या जागेने नाव तुटण्याचा दोष मात्र तारकेच्या माथी मारणे अन्यायाचे होय. तारका नाव अखंडच आणते. ते तुटते पुढे, अवतरणचिन्हांवाचून चल वापरल्यावर.

पॉझिक्स मानकाने बोर्न यांचाच नियम कायम केला. बॅश शेलमध्ये 'नलग्लॉब' हा पर्याय निवडल्यास न जुळणारा नमुना लोप पावतो. झेड शेल मात्र मूळ युनिक्सप्रमाणे आज्ञाच नाकारतो.